कौसामावशी आणि पाच डब्या

कौसामावशीच्या गिरणीत डबा ठेवला की ती आधी वजन करायची नाही. आधी कोपरापर्यंत हात डब्यात घालायची, तळातलं मूठभर धान्य वर काढायची, तळहातावर पसरून पाहायची आणि मग तुमच्याकडे पाहायची. या दोन पाहण्यांच्या मध्ये तुमच्या घरात काय चाललंय ते तिला कळलेलं असायचं. "सासूले शुगर निघाली काय वं?" असं तिने एकदा एका नव्या सुनेला विचारलं, तर ती पोरगी डबा तिथेच टाकून घरी पळाली. सासूची शुगर त्याच सकाळी निघाली होती आणि कुणाला सांगायचं नाही असं घरात ठरलं होतं. मावशीने जादू केली नव्हती. त्या घरातून वर्षानुवर्षं गहू यायचा, त्या दिवशी ज्वारी आली होती, एवढंच.

आमच्या धामणगाव बढे गावात डॉक्टर मनगट धरत, मावशी डबा धरायची. नाचणी आली की बाळंतपण. मुगाची डाळ आली की ताप. उपवासाची भगर अचानक वाढली की त्या घरात कुणाचं तरी लग्न जमत नाहीये.

उंच, काटकुळी बाई. लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा, डोक्याला फडकं. नवरा गेल्यावर तीस वर्षं तिने एकटीने गिरणी चालवली. भुवया पांढऱ्याशुभ्र; पण त्या वयाने पांढऱ्या की पिठाने, यावर गावात दोन पक्ष होते. गिरणीच्या घरघरीवर बोलायची सवय असल्याने तिचा आवाज सगळीकडे तेवढाच. कुणाच्या घरी भेटायला गेली आणि "कसे गेले हो?" असं कुजबुजली, तरी तीन गल्ल्यांना ते कळायचं.

तिचा कायदा एकच होता. मिसळ होता कामा नये. बाजरीमागून गहू घ्यायचा असेल तर मध्ये ती स्वतःची दोन मुठी ज्वारी गिरणीत सोडायची. दगडांना चिकटलेलं आधीचं पीठ त्या ज्वारीबरोबर निघून यायचं आणि ते शेळीच्या वाट्याला जायचं. एकादशीच्या आदल्या दिवशी दगड उघडून ब्रशने झाडायची आणि दिवसभर फक्त भगर आणि राजगिरा. घाईच्या माणसाने कुरकुर केली की म्हणायची, "मिसय झाली तं दोघायचंबी गेलं. मंग मले नको सांगजो."

आता मी कोण, ते सांगतो. मी दिगांबर, सूत्रसंचालक. लग्न, निवृत्तीचा सत्कार, ट्रॅक्टरच्या शोरूमचं उद्घाटन, काहीही सांगा. नवरीच्या पाठवणीला माझा आवाज असा काही भरून येतो की वरपक्षही रडतो. माईक दिसला की मला राहवत नाही, हे मी लपवत नाही. मावशीचं माझ्याबद्दल मत ठाम होतं. "दिगू, तुह्या गिरनीत दाना नसते. नुसता आवाज असते."

तर अशा या माझ्याकडे प्रवीणसर आले. गावातलं मंगल कार्यालय त्यांचं, म्हणजे माझं रंगमंदिर त्यांचं. त्यांनी एका कंपनीची एजन्सी घेतली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण दर सहा महिन्यांनी ते बदलायचं. माल मात्र तोच. पाच डब्या. पहिली लिव्हरची, दुसरी आतड्यांची, तिसरी किडनीची, चौथी रक्ताची आणि पाचवी 'सर्वांगाची', म्हणजे पहिल्या चारांतून कुठे काही राहून गेलं तर. शिवाय वर भेट म्हणून तळपायाला चिकटवायचे पांढरे कागद. रात्री लावून झोपायचं, सकाळी ते काळे होतात, ते काळं म्हणजे तुमच्या शरीरातलं विष. प्रवीणसरांचा मुख्य मुद्दा असा की पाचही डब्या एकदम घ्यायच्या. एकेक घेतली तर घाण एका कोपऱ्यातून निघून दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसते. पाचही बाजूंनी घेरलं की तिला पळायला जागाच उरत नाही. मला हे ऐकून एखाद्या लढाईचं वर्णन ऐकल्यासारखं वाटलं आणि मी लगेच हो म्हटलं.

पहिल्याच मीटिंगला कार्यालय भरलं. मी माईक घेतला आणि पाठवणीचा खास आवाज काढला. "मित्रहो, माझ्या या देहातली वीस वर्षांची घाण बाहेर पडली. आज मी हलका आहे. आजपासून गोळ्यांची गुलामी बंद." शेवटचं वाक्य प्रवीणसरांनी कागदावर लिहून दिलं होतं, पण त्यात जीव मी ओतला होता. टाळ्या थांबेनात.

खरी गोष्ट अशी होती की मी त्या पाच डब्या दोन दिवस घेतल्या. तिसऱ्या दिवशी एका साखरपुड्यात, नवरीच्या मामाचा सत्कार सुरू असताना, मला माईक मामाच्याच हातात देऊन तीनदा पळावं लागलं. चौथ्या दिवशी मी सगळं बंद केलं. हे मी माईकवर सांगितलं नाही.

बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत माझी मोठी बहीण बसली होती. विमलताई. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. मुलं कामासाठी बाहेरगावी, म्हणून ती घरात एकटी. तिला बीपी आणि शुगर दोन्ही. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या ती देवाच्या आरतीइतक्या नेमाने घ्यायची. त्या दिवशी घरी जाताना तिने पाच डब्या नेल्या.

दोन-अडीच आठवड्यांनी एका सकाळी मी दळण घेऊन गिरणीत गेलो. मावशीने माझ्या डब्यात हातच घातला नाही. म्हणाली, "तुह्या बहिनीचा डबा मांगच्या खेपेले अर्धा होता. ह्या खेपेले आलाच नाई. काऊन?"

मी रांगेतल्या बायकांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं की ताई डिटॉक्सवर आहे. मग पाच डब्या, पाच बाजू, घाणीची कोंडी, तळपायाचे कागद, सगळं हातवारे करून समजावलं. मावशी गिरणीच्या बटणावर हात ठेवून ऐकत होती.

"पाचही एकदम?"

"एकदमच. तेच तं शास्त्र हाय, मावशी."

"कोनाचं कोनासंगं जमते, हे कोनं पाह्यलं?"

"कंपनीनं पाह्यलं असंन."

"कंपनी तुह्या बहिनीच्या पोटात जाऊन आली काय?"

रांगेत हशा पिकला. मीही हसलो. मावशी हसली नाही. ती म्हणाली, "हे पाय दिगू. गिरनी मी साफ करतो, कारन तिले सोताले साफ होता येत नाई. मानसाच्या पोटाले येते. त्याचं काम थे सोताच करते. तुमी पाच जन मिळून त्याले कायले धुऊन राह्यले?"

आणि तिने बटण दाबलं. सकाळचे अकरा, वीज चालू, नऊ डबे रांगेत, आणि गिरणी बंद. असं गावाने कधी पाहिलं नव्हतं. लाईन गेल्याशिवाय त्या गिरणीचा पट्टा दिवसा थांबत नसे. मावशी तशीच पिठाने माखलेली ताईच्या घराकडे निघाली. मी मागे. वाटेत मी दोन विनोदही केले, हे आठवलं की आज माझाच कान पिळावासा वाटतो.

ताई खाटेवर पडली होती. ओठांना भेगा पडलेल्या. खिडकीत पाच डब्या ओळीने, प्रत्येकीखाली वेळेची चिठ्ठी. मला पाहून ती उठायला गेली आणि तिला उठता येईना. तरी चेहऱ्यावर समाधान होतं. म्हणाली, "घान निघून राह्यली, मावशी. सर म्हंते, जेवढा तरास जास्त तेवढी घान जास्त."

मावशीने तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली. तिने गोळ्या कुठे आहेत म्हणून विचारलं. गोळ्या देव्हाऱ्यात ठेवल्या होत्या, पाकिटं न फोडता. मावशी माझ्याकडे वळली. "बे दिगू, उभा काऊन हायस? गाडी आन."

एक पिकअप मिळाली. मागच्या हौद्यात ताईचं डोकं मावशीच्या मांडीवर. मोताळ्याच्या सरकारी दवाखान्यात पोहोचलो तेव्हा ताईचे केस पिठाने पांढरे झाले होते आणि तपासायला आलेली तरुण डॉक्टरीण आधी दचकली. ताईने काय घेतलं, असं तिने विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मावशीने पदरातून पाचही डब्या काढून टेबलावर मांडल्या. घरातून निघताना तिने त्या कधी उचलल्या, मला कळलंही नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी बारीक अक्षरं वाचली. पाचपैकी तीन डब्यांत एकच वस्तू होती, सोनामुखी, जुलाबाची. एकीवर तिचं मराठी नाव, दुसरीवर संस्कृत, तिसरीवर इंग्रजी. चौथीने लघवी जास्त होत होती. पाचवीवर आत काय आहे ते लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे ताईला तीन वाटांनी जुलाब आणि चौथ्या वाटेने उरलेलं पाणी. त्यात बीपी-शुगरच्या गोळ्या बंद. अंगातलं पाणी आणि क्षार संपत आले होते, साखर वर गेली होती आणि किडन्यांवर ताण आला होता. दोन दिवस उशीर केला असता तर, असं म्हणून डॉक्टरीणबाईंनी वाक्य अर्धंच सोडलं.

मावशीने त्या तीन डब्या पुढे ओढल्या. मग म्हणाली, "म्हंजे एकच दयन तीन डब्यात आनलं. असं माह्या इथं कोनं केलं असतं तं मी हाकलला असता."

तिसऱ्या दिवशी ताईला बरं वाटू लागलं आणि प्रवीणसर शहाळं घेऊन भेटायला आले. फार प्रेमाने बोलले. उपचार मध्येच तुटल्याने घाण अडकून पडली आहे, घाबरायचं नाही, रविवारी मीटिंगला या, चार लोकांना अनुभव सांगा आणि अर्ध्या मात्रेने पुन्हा सुरू करा. ताईने होकारार्थी मान हलवली. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. ज्या तोंडाने मी दोनशे लोकांना रडवतो, ते तोंड उघडलं नाही.

ते गेल्यावर मी ताईचा हात धरला आणि सगळं कबूल केलं. मी खोटं बोललो, मी दोनच दिवस घेतलं, माझी काही घाणबीण गेली नाही. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं होतं की हे पुन्हा झालं तर किडन्यांची खात्री देता येणार नाही. तेही सांगितलं.

ताईने माझ्या केसांतून हात फिरवला. म्हणाली, "मी पडलो म्हून तू भेला, दिगू. म्हून आता असं बोलून राह्यला. तिथं तू दोनशे मानसायच्या समोर बोलला. माईकवर कोनी खोटं बोलते काय?"

माझ्या आयुष्यात माझ्या कलेचं इतकं भयंकर कौतुक कुणी केलेलं नाही.

मावशी खिडकीत बसून शहाळं पीत होती. ताईसाठी आणलेलं शहाळं ती निवांत संपवत होती, कारण डॉक्टरीणबाईंनी ताईला ते सध्या नको म्हटलं होतं. शेवटचा घोट घेऊन म्हणाली, "मंग रविवारी तिथंच बोल. माईकवरच. आन माह्यं नाव घे, मले बोलाव."

मी म्हटलं की कार्यालय प्रवीणसरांचं आहे, मला पुन्हा कधी उभं करणार नाहीत. ती म्हणाली, "बहीन जास्त झाली काय तुले?" इतकंच. 

रविवारी कार्यालय खच्चून भरलं होतं. स्टेजवर पांढऱ्या चादरीवर काळे पडलेले कागद मांडून ठेवले होते, गावकऱ्यांच्या तळपायांतून निघालेलं विष म्हणून. दुसऱ्या रांगेत ताई, अंगावर शाल, मांडीवर नव्या पाच डब्यांची पिशवी. प्रवीणसरांनी आधीच हातात दिली होती. मी नेहमीसारखी सुरुवात केली, शेर म्हटला, टाळ्या घेतल्या. मग कार्यक्रमपत्रिकेत नसलेलं नाव पुकारलं.

मावशी आली. अंघोळ करून, धुतलेल्या लुगड्यात, सदरा नाही, फडकं नाही. गावाने पहिल्यांदाच तिच्या भुवया पाहिल्या. चक्क काळ्या होत्या. मागच्या रांगेतल्या एका पक्षाने जोरात आनंद व्यक्त केला.

माईक तिने हातात घेऊन बाजूला ठेवला. एक नवा कोरा कागद उचलला, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या गिलासातलं पाणी त्यावर ओतलं आणि कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला. बघता बघता तो काळा पडला.

"ह्या गिलासातबी जहर हाय काय, सर?"

हशा उठला. प्रवीणसर हुशार माणूस. हसत हसतच म्हणाले, "मावशी, गिरणी चालवणं वेगळं आणि शरीरशास्त्र वेगळं."

"हाव, येगळंच हाय," मावशी म्हणाली. "माह्या पिठानं कोनाचं पोट बिघडलं तं लोकं माह्या दारात येऊन मले शिव्या देतेत. तुमच्या डब्यायनं बिघडलं तं लोकं म्हंतेत, आपल्याच आंगात घान होती. असा धंदा मले भेटला असता तं मी दगड कायले झाडत बसलो असतो?"

 प्रवीणसरांनी साऊंडवाल्याला खूण केली आणि माईक गेला. मावशीला त्याचा काही उपयोग नव्हताच. तिने ताईच्या त्या तीन डब्या पदरातून काढून एकावर एक ठेवल्या आणि सांगितलं की तिन्हींत एकच पाला आहे, ज्याला वाचता येतं त्याने येऊन वाचावं. कुणी उठलं नाही, पण बऱ्याच जणांनी आपापल्या पिशव्यांत डोकावलं. मग ती माझ्याकडे पाहत खाली उतरली.

आता मी उभा, आणि माझ्या हातात मेलेला माईक. वीस वर्षांत मी कधी माईकशिवाय बोललो नव्हतो. माझा खरा आवाज किती बारीक आहे ते मला त्या दिवशी कळलं. मी सांगितलं. दोन दिवस घेतलं ते, मामाच्या हातात माईक देऊन तीनदा पळालो ते. लोक हसले, हसू दे. मग सांगितलं की गोळ्यांची गुलामी बंद हे मी म्हटलं, आणि ते ऐकून माझ्या बहिणीने गोळ्या देव्हाऱ्यात ठेवल्या, आणि ती मरता मरता वाचली.

ताई उभी राहिली. "दिगू, हे खरं हाय काय?"

"हाव, ताई."

"मंग मांगं खोटं काऊन बोलला?"

"टाया भेटत होत्या."

तिने मांडीवरची पिशवी खुर्चीवर ठेवली, शाल सावरली आणि म्हणाली, "मी घरी जातो. गोयीचा टाईम झाला." ती निघाली तशा तिच्यामागे बायकांच्या दोन रांगा उठल्या. बाकीचे बसले होते. सगळं गाव एका दुपारी शहाणं झालं असं मी सांगितलं तर तुम्ही ओळखाल की मी पुन्हा माईकवर आहे.

पुढे प्रवीणसरांनी मीटिंगा दुसऱ्या गावाला नेल्या. जाता जाता गावात पुडी सोडून गेले की मावशी डॉक्टरांचं माणूस आहे. काही घरांनी तिच्याकडे दळण टाकणं बंद केलं. मला वर्षभर कार्यालयात कुणी उभं केलं नाही. मी रिकामा म्हणून गिरणीत जाऊन बसू लागलो. डबे कमी झाल्याचं वाईट वाटतं का, असं विचारलं तर मावशी म्हणाली, "बरं झालं. बोलायले टाईम भेटते." आणि खरंच, त्या वर्षी ती जितकी बोलली तितकी आधी कधी बोलली नसेल.

मागच्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. अकोल्याच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि ऑपरेशनची वेळ गेली म्हणून सांगितलं. दुखण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या ती वेळच्या वेळी घ्यायची. भेटायला येणाऱ्यांत काही जुने मीटिंगवालेही असत. वेळेवर शरीर साफ केलं असतं तर ही पाळी आली नसती, असं ते हळहळून सांगत. मावशी त्यांना चहा द्यायला लावायची आणि तोंड भिंतीकडे करायची.

आणि मी काय केलं, ते ऐका. इतकं सगळं झाल्यावर, ताईचे ओठ पाहिल्यावर, भर सभेत तोंड काळं करून घेतल्यावर, मी संग्रामपूरच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याला एका माणसाकडे गेलो. त्याचा काढा सगळं शरीर धुऊन काढतो, गाठही विरघळते, असं कुणीतरी सांगितलं होतं. बाटली सदऱ्याच्या आत लपवून मी मावशीच्या उशाशी जाऊन बसलो. ताई तिथे तिचे पाय दाबत होती.

मावशीने डोळे न उघडता विचारलं, "काय आनलं, बे?"

मी काहीबाही बोललो. जडीबुटी, घरगुती, शरीर आतून साफ होतं, बिघडत तर काही नाही. बोलता बोलता माझा आवाज पाठवणीचा झाला, आणि यावेळी तो मी काढला नव्हता. 

मावशी हसली. हसता हसता खोकली. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "दिगू, मरन म्हंजे काई घान नोय, धुऊन काढायले. थे आपल्या येळेवर येते. तू काऊन मधात लुडबुड करून राह्यला?"

मी विचारलं की आता या बाटलीचं काय करू.

"नालीत ओत. आन नालीले काई फरक पडला तं मले सांग."

मग तिला भूक लागली. तिने ज्वारीची भाकर आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मागितला. ताईने भाकर केली. मावशीने ती जाड झाली म्हणून नावं ठेवली आणि अर्धी खाल्ली, नाकाडोळ्यांतून पाणी गळत असताना.

चौथ्या दिवशी ती गेली. बाटली मी तिच्या घरासमोरच्या नालीतच ओतली होती; ती नाली मी येता-जाता पाहतो. अजून तुंबलेलीच आहे.